गृहविज्ञान : माजघरापर्यंत वेग

सुशिक्षित कुटुंबांतून हल्लीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. घरांत वाय-फाय आहे, त्याचे पैसे दरमहा बिनबोभाट भरले जातात, आणि तरीहि मुलीचा शिकवणीचा तास मध्येंच तुटतो व आजींचें कीर्तन पडद्यावर गोठून बसतें. यावर घरचे कर्ते पुरुष एकच उपाय जाणतात. तो म्हणजे अधिक किंमतीची योजना घेणें. आमच्या मतें पुष्कळ घरांत हा खर्च व्यर्थ होय. वेग उंबरठ्यापर्यंत पुरेसा आलेला असतो. तेथून पुढें तो घरांत वांटला कसा जातो, हा खरा प्रश्न आहे.

भोर व वेल्हें यांचेंच उदाहरण घेऊं. वेल्हें तालुक्याचें नांव आतां राजगड तालुका असें झालें आहे. भोर ही १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानची राजधानी. त्यामुळें तेथें दगडमातीच्या जाड भिंतींचे जुने वाडे अद्याप पाहावयास मिळतात. तोरणा-राजगडाच्या पायथ्याशीं पाऊस दांडगा, म्हणून तिकडे पत्र्याच्या छपरांचीं घरें पुष्कळ. जाड भिंत बिनतारी लहर शोषून घेते, ओल धरलेली भिंत ती अधिकच शोषते, आणि पत्रा तर तिला परतवूनच लावतो. जी भिंत आपल्या पूर्वजांस उन्हाळ्यांत थंडावा देत आली, तीच आज नातीच्या अभ्यासाआड येते.

म्हणून आरंभ मोजमापापासून करावा. राउटरला लॅपटॉप तारेनें जोडून वेग मोजावा. मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर व माडी येथें तोच प्रयोग बिनतारी करावा, आणि आंकडे कागदावर मांडावे. तारेनें जोडूनहि वेग कमीच भरला, तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या जोडणीचा. कंपनीकडे तक्रार करावी. तारेवर वेग पुरेसा असून मागच्या खोलींत तो घसरत असेल, तर दोष घरांतला समजावा. येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. योजनेंतील वेग मेगाबिटांत सांगितलेला असतो, आणि फाइलीचें आकारमान मेगाबाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हां १०० मेगाबिटांची योजना म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, यापेक्षां अधिक नव्हे.

दुसरी गोष्ट जागेची. राउटर बहुधा ओटीवर किंवा दिवाणखान्यांत बसतो, कारण तार तेथून आंत येते आणि बसविणारा मनुष्य तेथेंच थांबतो. वास्तविक त्याचें स्थान घराच्या मध्यभागीं, छातीइतक्या उंचीवर व उघड्यावर असावें. लोखंडी कपाट, मोठा आरसा व तांब्यापितळेच्या भांड्यांची मांडणी यांच्या आड तो कधींहि ठेवूं नये. धातु लहरीस अडवितो. राउटरच्या काड्या उभ्या असल्या म्हणजे लहर सभोंवार आडवी पसरते. टोकांच्या दिशेनें ती फारच थोडी जाते. जुन्या वाड्यांतून नुसत्या लाकडी फळ्यांची तक्तपोशी असेल, तर ती दगडी भिंतीपेक्षां लहरीस पुष्कळ सुगम. अशा घरांत माजघराच्या वरील माडींत राउटर ठेवून एक काडी आडवी करून पाहावी.

राउटर सामान्यतः दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांबीची. तिचा वेग बेताचा, पण ती भिंतींतून त्यांतल्या त्यांत बरी जाते. ५ गिगाहर्ट्झची लहर सुमारें सहा सेंटिमीटरांची. तिच्यावर वेग अधिक मिळतो, पण जाड भिंतीपुढें ती लवकर हात टेकते. त्याच खोलींत बसणाऱ्यानें दुसरी पत्करावी, भिंतीपलीकडच्यानें पहिली.

एवढ्यानेंहि न भागल्यास रिपीटर घेण्याची घाई करूं नये. तें यंत्र ऐकलेलेंच पुन्हां बोलतें. एकाच पट्ट्यावर हें चाललें म्हणजे वेग सुमारें निम्म्यावर येतो. त्यापेक्षां तुळईच्या कडेनें लॅन केबल मागील खोलीपर्यंत न्यावी व तेथें दुसरा राउटर जोडावा. ही तार १०० मीटरपर्यंत निर्वेध काम देते. इतका लांब वाडा क्वचितच कोणाचा असेल.

आतां मुद्द्याची गोष्ट. एका पट्ट्यावर सामान्यतः एका वेळीं एकच उपकरण बोलतें. बाकीच्यांनीं थांबावयाचें असतें. ज्याच्यापर्यंत लहर क्षीण पोहोंचते तें सावकाश बोलतें, आणि तितकाच मजकूर धाडण्यास त्याला जो अधिक वेळ लागतो, तो सर्वांच्या वांट्यांतून जातो. म्हणजे मागच्या खोलींतील मुलीला वेग न मिळाल्यानें होणारें नुकसान तिच्यापुरतें राहत नाहीं. ओटीवर काकांनीं लावलेला क्रिकेटचा सामनाहि त्यामुळें अडखळतो. अनेक घरांत पुढची जागा पुरुषांची, आणि मागची सुनांची व मुलींची, अशी वांटणी अजून चालू आहे. मुलींच्या शिक्षणाच्या बाता मारणाऱ्या घरांतहि राउटर पुढेंच असतो, हें आम्हांस खटकतें.

२०२० सालीं शाळा बंद झाल्या, तेव्हां सह्याद्रींतील कित्येक गांवांचीं मुलें मोबाइलला लहर मिळावी म्हणून टेकडीवर जाऊन अभ्यास करीत. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली. तिलाच पुढें भारतनेट हें नांव मिळालें. डोंगरांतून तार आणणें हें आपल्या हातचें काम नव्हे. परंतु घरांत आलेला वेग ओटीवरून माजघरांत नेणें हें सर्वस्वी आपल्याच हातीं आहे, आणि त्यास वीस-पंचवीस हात तारेपलीकडे फारसें कांहीं लागत नाहीं.

तेव्हां आमची सूचना अशी. येत्या रविवारीं वर सांगितलेलें मोजमाप करावें, व तें काम मागच्या खोलींत अभ्यास करणाऱ्या मुलीकडेच सोंपवावें. तिनें मांडलेला कागद वडीलधाऱ्यांनीं जेवणानंतर एकत्र बसून वाचावा, आणि राउटर कोठें ठेवावयाचा हें तिच्या विचारानें ठरवावें. अधिक किंमतीच्या योजनेचा विचार त्यानंतर.