खातो, पण कामं करतो

अर्नाळ्याच्या एसटी स्टँडवर संध्याकाळी चहाला बसलं की एक वाक्य कानावर पडतंच. पुढारी कुठल्याही पक्षाचा असो, कुणी त्याची भानगड काढली की दुसरा लगेच म्हणतो, "अरे, खातो, पण कामं करतो ना!" झालं, विषय मिटला. मी दहावी शिकलेला वाडीवाला माणूस. मला या वाक्याची चीड आहे.

नारळ पाडायला येणाऱ्या गड्यानं दोन नारळ गुपचूप पिशवीत टाकले, तर मी त्याला परत बोलावत नाही. "दादा, शंभर पाडले, त्यातले दोनच घेतले," असं तो म्हणाला तरी ऐकत नाही. दादरच्या मार्केटात दलालानं वजनात मारलं, तर वीस वर्षांचा व्यवहार आपण तोडतो. मग गरिबाच्या दोन नारळांना माफी नाही आणि पुढाऱ्याला मात्र आहे, हा कुठला न्याय?

१९८१ साली सिमेंट परमिटवर मिळे. आमच्या विहिरीचा कठडा ढासळलेला, आणि वडील चार गोणींसाठी हेलपाटे घालत होते. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला. बिल्डरांना मिळालेलं सिमेंट आणि त्यांनी ट्रस्टला दिलेल्या देणग्या यांचा संबंध आहे, असा ठपका त्यात होता. मुख्यमंत्री अंतुले यांना खुर्ची सोडावी लागली. वडील एवढंच म्हणाले, "म्हणजे आपल्या गोणी तिकडे गेल्या."

पुढं १९८९ साली कुलाबा मतदारसंघानं त्याच अंतुल्यांना लोकसभेवर पाठवलं. लोक म्हणाले, सिंधुदुर्ग जिल्हा त्यांनी केला, निराधारांना पैसे त्यांनी सुरू केले. खरं आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण जमेच्या पानावर चांगला आकडा आला म्हणून कुणी नावेचं पान फाडून टाकतं का? आपण तेच करतो.

रागावतो तेव्हाही भलत्याच गोष्टीवर रागावतो. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत माणसं मारणारे समुद्रातून आले. आमचं तर बंदराचं गाव. पण इथं आठवडाभर चर्चा कशाची? तर गृहमंत्री आबा पाटील मोठ्या शहरांबद्दल काय बोलून गेले त्याची. त्यांना राजीनामा द्यावा लागला, आणि वर्ष झालं नाही तोच ते पुन्हा गृहमंत्री झाले. आपल्या किनाऱ्यावर रात्री गस्त कोण घालतं, किती बोटी आहेत, हे चहाच्या बाकावर कुणी विचारलं नाही. मीही नाही. एक वाक्य चघळलं आणि राग संपला.

आता माझं सांगतो, नाहीतर दुसऱ्याला शिकवतोय असं वाटेल. काही वर्षांपूर्वी आमच्या आळीतलं बावखल बुजवलं. पिढ्यान् पिढ्या त्याच पाण्यावर केळी आणि पानवेली जगल्या होत्या. रात्री डंपर यायचे, डेब्रिस टाकून जायचे. कुणाची माणसं ते सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या पुढाऱ्याची ती माणसं, त्यानंच त्याआधी माझ्या बायकोला सरकारी हॉस्पिटलात खाट मिळवून दिली होती. एक फोन केला होता त्यानं. त्या फोनच्या ओझ्याखाली माझं तोंड उघडलं नाही. बावखल भरत होतं आणि मी वाडीत मान खाली घालून वेलींना माती लावत होतो.

आता उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं. पिण्यासाठी टँकर मागवावा लागतो. परवा टँकरचे पैसे देत होतो तेव्हा बायको म्हणाली, "त्यांच्या फोननं मी वाचले असं किती वर्षं सांगणार तुम्ही? औषध डॉक्टरांनी दिलं. खाट सरकारी होती, ती काय त्यांच्या घरून आणली होती?"

मला उत्तर सुचलं नाही. जी खाट आपल्या हक्काची, ती त्यानं मेहेरबानी म्हणून दिली, आणि मी तिच्या बदल्यात सगळ्या आळीचं पाणी देऊन बसलो. "कामं करतो" म्हणजे बहुतेक वेळा एवढंच असतं. आपलंच आपल्याला वाढायचं, आणि वाढताना हाताला लागेल ते आपल्याकडे ठेवायचं.

पुढारी आकाशातून पडत नाहीत. लग्नाला आला, मयताला आला, खांद्यावर हात ठेवला की आपण विरघळतो. येऊ द्या त्याला. पाहुण्याला खुर्ची द्यावी, चहा द्यावा, ती आपली रीत आहे. पण कप खाली ठेवला की विचारावं, "भाऊ, बावखलाचं काय?" लग्नघरात बरं दिसत नाही म्हणून गप्प बसू नये. येत्या वैशाखात आमच्या आळीत दोन लग्नं आहेत. तो येणारच. या वेळी मी विचारणार आहे.