कान कच्चा, की वाद्य चढे?



आमच्या चाळीतला एक मुलगा क्लॅरिनेट शिकतो. वडील कारखान्यात पाळीवर जातात. ओव्हरटाइमचे पैसे साठवून त्यांनी जुन्या बाजारातून त्याला वाद्य आणून दिले. पोराने वर्षभर मेहनत केली आणि बँडच्या तालमीला गेला. पहिल्याच दिवशी त्याला ऐकावे लागले, "तुझा कानच कच्चा. तू बेसूर वाजवतोस." घरी येऊन त्याने वाद्य पलंगाखाली सारले ते महिनाभर काढले नाही. शेवटी त्याची आई म्हणाली, "भाऊ, तुम्ही तरी समजवा ह्याला."

मी म्हटले, "आधी वाद्य आण, मग बोलू."

आपल्या अनेक घरांत बँडचा धंदा आहे. लग्नसराई आणि जयंतीच्या मिरवणुका यांवर चूल पेटते. म्हणून क्लॅरिनेट सुरात कसे मिळवायचे, हे नीट समजून घेऊ.

सर्वांनी एका सुरात वाजवायचे तर एक माप ठरलेले हवे. हे माप पूर्वी देशोदेशी वेगळे होते. फ्रान्सने 1859 साली कायदा करून 'ए' हा सूर सेकंदाला 435 कंपनांवर बसवला. पुढे 1939 साली लंडनच्या परिषदेत 440 हे माप ठरले आणि 1955 साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने त्याचीच शिफारस केली. आजचे कीबोर्ड आणि मोबाइलमधले ट्यूनर याच मापावर असतात. पेटीवर 'ए' म्हणजे पांढरी सहा.

इथे नवशिक्याची हमखास गफलत होते. आपले नेहमीचे क्लॅरिनेट बी-फ्लॅटचे. त्यावर 'सी'ची बोटे धरली की पेटीवरची पांढरी एक निघत नाही, काळी पाच निघते. पेटीच्या पांढरी सहाशी मिळवायचे असेल, तर क्लॅरिनेटवर 'बी'ची बोटे धरावी लागतात. हे ठाऊक नसले, की माणूस उगाच स्वतःला दोष देत बसतो.

आता रीत सांगतो. आधी पाच-दहा मिनिटे वाजवून वाद्य गरम करा. थंड वाद्याचा सूर उतरलेला असतो, गरम झाले की तो चढतो. थंड असतानाच मिळवून मिरवणुकीला निघालात, तर उन्हात सूर चढणारच. मग मधल्या सप्तकातला 'सी' सरळ, ओठ न आवळता लावा आणि कोणाला तरी पेटीवर काळी पाच धरायला सांगा. दोन सूर जवळ आले पण जुळले नाहीत, तर आवाज वाँव-वाँव असा हेलकावतो. सूर जुळत आले की हेलकावे संथ होतात. पुरते जुळले की थांबतात. यंत्र नसले तरी हे कोणत्याही कानाला कळते.

सूर चढा असेल तर माऊथपीसखालचे बॅरल हलके फिरवत एखादा मिलिमीटर बाहेर ओढा आणि पुन्हा ऐका. सूर उतरा असेल तर बॅरल आत दाबा. पूर्ण आत जाऊनही उतराच राहिला, तर रीड मऊ पडली आहे का पाहा. नाहीतर थोडे आखूड बॅरल लागेल. मात्र बॅरल फार ओढू नका. वरच्या भोकांचे सूर जास्त उतरतात, खालच्यांचे कमी, आणि वाद्य स्वतःशीच बेसूर होते. पेटी जर 440 वर नसेल, तर बँडने पेटीशीच मिळवावे. जिला हलता येत नाही, तिच्याकडे बाकीच्यांनी जायचे.

त्या मुलाचे वाद्य आम्ही असेच पेटीशी लावले. बॅरल तीन मिलिमीटर ओढले तरी सूर चढाच. मग वाद्य उलटून पाहिले. कंपनीच्या शिक्क्याखाली इंग्रजीत एच. पी. अशी दोन अक्षरे कोरलेली! एच. पी. म्हणजे 'हाय पिच'. इंग्रजी लष्करी बँड 1920 च्या दशकाच्या अखेरपर्यंत सुमारे 452 कंपनांच्या चढ्या मापावर वाजत. त्या मापाची वाद्ये जुन्या बाजारात अजून सापडतात. 440 आणि 452 यांत जवळजवळ अर्ध्या श्रुतिपट्टीचे, म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्टीतल्या अंतराच्या निम्मे अंतर आहे. ते बॅरल ओढून भरून निघत नाही, कारण भोकेच त्या मापाने पाडलेली असतात.

मुलगा म्हणाला, "काका, म्हणजे माझा कान बरोबर होता?"

बरोबरच होता. वाद्याचे पैसे मात्र बुडाले. त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी आले. तरी ती म्हणाली, "पैसा परत कमावू. पोरगं खचलं असतं तर काय केलं असतं?" सध्या तो उसन्या वाद्यावर तालीम करतो.

बंधूंनो, जुने वाद्य घेताना जाणता वादक सोबत न्या. ते एल. पी. म्हणजे 'लो पिच'चे आहे का पाहा. शिक्का नसेल तर दहा मिनिटे वाजवून ट्यूनरवर तपासा आणि मगच पैसे मोजा. आणि पोराला बेसूर म्हणण्याआधी, त्याच्या हाती आपण काय दिले आहे, तेही एकदा पाहा.