गाण्यांचे पंचनामे

आमच्या दुधनीत परवा एका गृहस्थांनी तरुण पोरांपुढे व्याख्यान दिले. सार असे, की इंग्रजी रॉकमधले कोणतेही गाणे वरून दिसते तसे नसते. वर प्रेम, खाली गांजा. वर हॉटेल, आत सैतान. आतले ज्याला कळले त्यालाच गाणे कळले. म्हणजे कवी हा आरोपी, गाणे हा मुद्देमाल आणि रसिकाने करायचे काय, तर पंचनामा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. फुकटात फौजदारकी मिळत असेल तर नको कोण म्हणेल?

माझे म्हणणे, असा रसिक गाणे ऐकतच नाही. ‘लुई लुई’ घ्या. रिचर्ड बेरीचे हे गाणे अगदी साधे. एक खलाशी गुत्त्यावरच्या माणसाला सांगतो, की समुद्रापलीकडे माझी पोरगी वाट बघतेय, मी निघालो. संपले. 1963 साली किंग्जमेन या बँडने ते गायले आणि गायकाचे उच्चार असे, की ज्याला जे हवे ते ऐकू यावे. अमेरिकेतल्या पालकांना काय ऐकू आले ते सांगायला नको. ‘खऱ्या’ शब्दांचे कागद पोरांच्या हाती फिरू लागले, तक्रारी वरपर्यंत गेल्या, इंडियानाच्या गव्हर्नरांनी गाणे अश्लील ठरवले आणि थेट एफबीआय कामाला लागली. तबकडी सावकाश फिरवली, भरभर फिरवली. एवढी खटपट करून निष्कर्ष निघाला, की कोणत्याही वेगाने वाजवा, शब्द कळत नाहीत! वर गंमत अशी, की वाजवताना ड्रमवाल्याने हासडलेली एक शिवी त्या तबकडीत खरोखरच आहे असे सांगतात, आणि नेमकी तीच तपासातून निसटली.

बीटल्सच्या ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’च्या आद्याक्षरांत एलएसडी ही नशा आहे, हे या मंडळींचे हुकमी पान. नाव आपल्या लहानग्या मुलाच्या चित्रावरून सुचले, असे ते लिहिणारा लेनन सांगत राहिला. त्यावर यांचे उत्तर ठरलेले : तो असेच म्हणणार! नकारच पुरावा धरायचा, तर वाद घालायचा कशाला?

हे पंचनामे आपल्याकडच्या गाण्यांचेही होतात. पूर्वी असेच एक महाशय जत्रेतली लावणी बंद करा म्हणून माझ्याशी भांडले होते. त्यांना विचारले, मग आपल्या सोलापूरच्या राम जोशींचे काय करायचे? शृंगाराच्या लावण्या रचणारा हाच माणूस कीर्तनालाही उभा राहायचा. उत्तर मिळाले नाही. चहाही मिळाला नाही.

दादा कोंडक्यांनी तर सेन्सॉरलाच पेचात टाकले. ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ हे 1986च्या चित्रपटाचे नाव कागदावर अगदी सोवळे. हसणाऱ्याने काय ऐकले ते त्याचे त्याला ठाऊक. पण त्यातला दिवा, रात्र काढून टाका, विनोदही गेला. दुसरा अर्थ पहिल्याच्या जिवावर उभा असतो. व्याख्यात्यांना पहिला नकोच आहे.

मग अर्थ लावावा कसा? एकनाथांच्या भारुडासारखा. ‘विंचू चावला’मधला विंचू सोंगाड्याला खराखुरा चावतो, तो तडफडतो, लोक हसतात, आणि हा विंचू कामक्रोधाचा हे नाथ स्वतःच सांगून मोकळे होतात. आमच्या या कर्नाटकच्या सीमेवर अल्लमप्रभूंची बेडगिन म्हणजे कोड्यासारखी कन्नड वचनेही ठाऊक आहेत. ती गूढ, जाणत्याशिवाय उकलत नाहीत, पण म्हणून त्यांतली चित्रे कोणी फेकून देत नाही. दुसरा अर्थ एखाद्या शब्दाला नव्हे, सबंध गाण्याला लागावा, आणि तो लागल्यावर पहिला मरू नये, एवढे बघावे. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे गाणे त्यात बसते. थकलेला प्रवासी आणि ते हॉटेल जागच्या जागी राहतात, आणि चैनीत शिरून अडकलेल्या माणसांची गोष्टही शेवटपर्यंत चालते. तिथे सैतान घातला की निम्म्या ओळी उघड्यावर पडतात. त्या ओळी कवीने कशाला लिहिल्या, हे पोरांना कोण सांगणार?