‘किंवा’चे कोडे

पेणची एकच गणेशमूर्ती. बंद पेट्या मात्र दोन. एक पेणला ठेवली, दुसरी रोह्याला धाडली. पेणची रिकामी निघाली, तर मूर्ती रोह्याला, हे शेंबडे पोरही सांगेल! मूर्ती तिकडे होतीच. ‘किंवा’ होते ते आपल्या अज्ञानात.

प्रकाशकणाचे तसे नाही. अर्धपारदर्शक आरशाने त्याला दोन वाटा दिल्या, की मोजेपर्यंत तो कुठल्या वाटेवर, हे ठरलेलेच नसते. इकडे सापडताच तिकडची शक्यता मावळते, अंतर कितीही असो. १९२७ साली ब्रुसेल्सच्या परिषदेत आइन्स्टाइनला हेच खटकले होते. २०१५ साली जपानी व ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी एकाच कणावर ते पडताळून दाखवले. अर्थात, यातून निरोप काही धाडता येत नाही.

‘किंवा’ हे विकल्पबोधक अव्यय मी वर्षानुवर्षे शिकवतो. ते निसर्गाच्याही व्याकरणात असावे, ही मोठी गंमत!