फवारणी सुरू झाली, फिजिशियनची खुर्ची रिकामीच

कपाशीवर फवारणी सुरू झाली की ग्रामीण रुग्णालयाच्या दारात विषबाधेचे पेशंट घेऊन जीपा लागायला लागतात. आत एमबीबीएस डॉक्टर असतात, सिस्टर असतात. नसतो तो फिजिशियन. सरकारी भाषेत भिषक, पाटीवर एमडी मेडिसिन. तो ऑपरेशन करत नाही, म्हणून पुढाऱ्यांच्या मागणीपत्रातही त्याचा नंबर शेवटीच. सर्जन द्या, सोनोग्राफी द्या, एवढंच चालतं.

त्याचं काम काय, ते विषबाधेतच नीट कळतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखं औषध अंगात भिनलं की घाम सुटतो, लाळ गळते, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छाती घरघरते. उतारा अॅट्रोपिनचा. पण एक इंजेक्शन टोचलं अन् झालं, असं नाही. छाती मोकळी होईस्तोवर दर काही मिनिटांनी डोस वाढवायचा, नाडी-बीपी बघत राहायचं. जास्त झालं तर पेशंट बरळतो, अंग तापतं. कमी पडलं तर श्वास कोंडतो. त्यात त्याला आधीच शुगर किंवा किडनीचा त्रास असला तर सगळा हिशेब बदलतो. हृदय, फुप्फुस, किडनी, साखर हे सगळं एकत्र बघून औषधावर माणूस सावरायचा, हेच एमडीची तीन वर्षं शिकलेलं असतं.

खरी फसगत नंतर होते. एक ते चार दिवसांत, बरा वाटणारा माणूस मान उचलेनासा होतो, श्वासाचे स्नायू थकतात. अशाला घाईनं घरी आणलं तर गेलाच म्हणायचा.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा चर्चा झाली ती कीटकनाशकांची अन् मास्क-हातमोज्यांची. ती रास्तच होती, पण दवाखान्यातल्या रिकाम्या खुर्चीवर फारसं कुणी बोललं नाही. सामुदायिक आरोग्य केंद्रात, म्हणजे आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या दर्जाच्या दवाखान्यात, एक फिजिशियन हवा असा निकष आहे. केंद्राच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत देशभरातली ही तूट ७९.१ टक्के आहे. म्हणून तर "जिल्ह्याला न्या" अशी चिठ्ठी हातात पडते.

रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत हे पद कधी भरणार, ते लेखी विचारायला हवं. तोवर पेशंटसोबत औषधाची बाटली, नाहीतर निदान तिचं लेबल घेऊन जा. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेलं असेल तर त्याला उतारा नाही, अन् गरज नसताना लावलेला ऑक्सिजनही उलटा पडतो. आत काय गेलंय हे डॉक्टरला आधी कळायला हवं.