एआय आमच्या शेतात, काटा मात्र कारखान्याच्या कुलपात

पोस्ट लांब आहे, पण ऊस असलेल्यांनी शेवटपर्यंत वाचा. नसलेल्यांनीही वाचा. आज उसाला जे होतंय ते उद्या तुमच्या दुधाला, द्राक्षाला आणि हळदीला होणार आहे.

सध्या कराडपासून वाळव्यापर्यंत कुठल्याही पारावर जा, विषय एकच, एआयचा ऊस. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने प्रयोग केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सत्या नडेलांनी त्याचं कौतुक केलं, त्यावर इलॉन मस्कने एक ओळ लिहिली आणि आपले सगळे ग्रुप दणाणले. मार्चच्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने शेतीतल्या एआयसाठी ५०० कोटी जाहीर केले. जूनमध्ये मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं. आता कारखान्यांचे शेतकी अधिकारी गावोगावी बैठका घेताहेत. शेतात हवामान केंद्र बसणार, जमिनीत सेन्सर जाणार, वरून उपग्रह बघणार आणि मोबाईलवर मराठीत मेसेज येणार की आज पाणी किती द्या, खत कुठलं द्या, कीड कुठल्या कोपऱ्यात आहे.

माझा याला विरोध नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर खाली लगेच कोणीतरी लिहील, 'हे लोक ट्रॅक्टरलाही विरोध करत होते.' कृष्णाकाठची चोपण झालेली रानं मी रोज बघतो. पाटाने भसाभस पाणी सोडून आपणच जमिनीची वाट लावली. पाणी आणि खत मोजून द्यायला कोणी शिकवत असेल तर हजारदा शिकवावं.

माझा प्रश्न वेगळा आहे. हे सगळं यंत्र तोंड करून उभं आहे ते फक्त शेतकऱ्याकडे. माझ्या रानात ओल किती, लागण कधीची, एकरी टन किती निघणार, हे सगळं दिसणार. पण ऊस ट्रॉलीत भरला आणि कारखान्याच्या गेटातून आत गेला की अंधार. तिथून पुढे वजन त्यांचं, उतारा त्यांचा, हिशेब त्यांचा आणि तारीखही त्यांचीच. एआय गेटाच्या बाहेरच थांबतं. आत यायला त्याला बहुतेक पास मिळत नाही.

पैशात बघू. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. तोडणी-वाहतूक त्यातूनच जाते. धरून चाला, एकरी ५० टन ऊस गेला आणि काट्यात दोन टक्के मारले. एक टन गेला. एकराला ३,५५० रुपये, कोणाला पत्ता न लागता. उतारा १०.२५ च्या वर गेला की प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे वाढतात. म्हणजे अर्धा टक्का उतारा कमी दाखवला की टनाला १७३ रुपये गेले. ५० टनाला ८,६५०. दोन्ही मिळून एकरी बारा हजारांच्या पुढे. आता मला सांगा, एआयने वाचवलेल्या खताच्या दोन पोत्यांचं कौतुक करू की हे मोजू?

मी कुठल्याही कारखान्याचं नाव घेत नाही. प्रामाणिक काटे आहेत, ते मलाही माहीत आहेत. पण प्रामाणिक कोण हे शेतकऱ्याला तपासता येत नाही, दुखणं ते आहे. गेल्या हंगामात मी एक खेप बाहेरच्या काट्यावर करून नेली. आत गेल्यावर दोन क्विंटल चाळीस किलोचा फरक निघाला. विचारलं तर उत्तर, 'बाहेरचा काटा चुकीचा असणार.' असेलही! पण मग बरोबर कुठला, हे ठरवणार कोण? बाहेर वजन केलेला ऊस नाकारू नका, असं साखर आयुक्तालयाने कारखान्यांना सांगितलेलं आहे. कागदावर हक्क आहे. प्रत्यक्षात ड्रायव्हर म्हणतो, 'मालक, नंबर मागं पडतोय.' तोडकऱ्याची खुशाली, ड्रायव्हरची एन्ट्री, चिटबॉयची मर्जी, एवढं सांभाळून ऊस निघालेला असतो. त्यात काट्यावरून भांडण काढून पुढच्या वर्षीची तोड लांबवून घ्यायला कोण तयार होईल?

'अहो, काटे डिजिटल झालेत की, एसएमएस पण येतो,' असं सांगितलं जातं. येतो ना. पण तो कारखान्याच्याच संगणकातून येतो. डिजिटल म्हणजे सचोटी, ही समजूत आता तरी सोडा. २०१७ साल आठवा. आधी उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांच्या छाप्यांत पेट्रोल पंपांच्या मशीनमध्ये चिप सापडल्या होत्या. स्क्रीनवरचा आकडा झकास, लिटर बरोबर, पैसे बरोबर, टाकीत पेट्रोल कमी. त्या मशीनवर वैधमापनचा शिक्काही असायचा. वर्षातून एकदा येणारा शिक्का आणि हंगामात एखाद्या दिवशी येणारं भरारी पथक याने सॉफ्टवेअरमधली लबाडी पकडली जात नाही. पथक निघालं की कारखान्याला कळतं, हे तर शेंबड्या पोराला माहीत आहे.

आता दुसरी बाजू बघा. साखर भरून ट्रक गेटाबाहेर पडतो तेव्हा त्याचं ई-वे बिल निघतं. किती पोती, कोणाला, कुठल्या गाडीतून, सगळं सरकारच्या सर्व्हरवर. दर महिन्याला किती साखर विकायची तो कोटाही दिल्लीतून ठरतो. तासवडे टोलनाक्यावरून तुमची गाडी गेली की दांडी वर जायच्या आधी फोन वाजतो, पैसे कापले म्हणून. म्हणजे गेटातून बाहेर जाणारी साखर सरकारला दिसते, नाक्यावरची गाडी दिसते, माझ्या उसाखालची ओल उपग्रहाला दिसते. फक्त गेटातून आत येणारा ऊस कोणाला थेट दिसत नाही. नेटवर्कची अडचण आहे, खर्च आहे, ही कारणं मग कोणाला सांगताय?

काटे ऑनलाइन करा, ही मागणी काही मी आज शोधून काढलेली नाही. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत ती झालीय, पुण्यात साखर संकुलावर मोर्चे गेलेत. मग होत का नाही? कारण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कारखाना म्हणजे नुसता कारखाना नाही. त्याच्याभोवती बँक आहे, दूध संघ आहे, कॉलेज आहे आणि आमदारकी आहे. सत्ताधारी असोत की विरोधक, चेअरमन सगळीकडे आहेत. सभागृहात एकमेकांवर तुटून पडतात, काट्याचा विषय निघाला की सगळे एका बाकावर. त्यामुळे 'तुम्ही अमक्या पक्षाचे म्हणून लिहिता' असं कोणी लिहू नका. या विषयात पक्ष दोनच आहेत, काट्याच्या आतला आणि काट्याच्या बाहेरचा.

कायद्याचंही बघा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात स्वच्छ लिहिलंय की ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्या, नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज. त्या व्याजाला एआय कशाला पाहिजे? दुकानातला कॅल्क्युलेटर पुरतो. पण बिलात ते व्याज आपणहून लावलेलं किती जणांनी बघितलंय, हात वर करा. २०२२ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने एफआरपीचे तुकडे पाडण्याचा निर्णय काढला. तो रद्द करून घ्यायला राजू शेट्टींना हायकोर्टात जावं लागलं आणि निकाल यायला मार्च २०२५ उजाडलं. तीन वर्षं! एआयचं धोरण मात्र घोषणेनंतर तीन महिन्यांत मंजूर. सरकारला घाई कशाची आहे, हे यावरून ओळखा.

आणि आमची माहिती? ती कोणाच्या मालकीची? बैठकीत फॉर्मवर सही घेतात, तो कोणी वाचला का? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा सांगतो की माहिती कशासाठी घेतोय ते आधी स्पष्ट सांगा, मोकळी संमती घ्या, आणि सूचना मराठीतूनही मिळाली पाहिजे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला पुढे दीड वर्षाची सवलत आहे. म्हणजे माहिती आज गोळा होणार, जबाबदारी २०२७ ला येणार. तोवर माझ्या रानाचा नकाशा, टनेज, लागणीची तारीख खतकंपनीकडे गेली, विमा कंपनीकडे गेली, कर्ज देणाऱ्याकडे गेली, तर मला कोण सांगणार? 'याच्या रानाचा उतारा पडलाय, याला कर्ज कमी द्या,' असं उद्या एखादं मशीन ठरवेल आणि आपण बँकेच्या दारात का नाही, का नाही करत बसू.

गंमत बघा, हेच एआय शेतकऱ्याचा साक्षीदार होऊ शकतं. उपग्रह आणि सेन्सर मिळून तोडणीआधी सांगणार की या प्लॉटात साधारण साठ टन ऊस आहे. अंदाज म्हटल्यावर तो थोडा इकडेतिकडे होणारच. पण एका गटातल्या दोनशे शेतकऱ्यांचा अंदाज एकत्र ठेवला आणि काट्यावरचं वजन दरवेळी एकाच बाजूला कमी येत असेल, तर पाणी कुठं मुरतंय ते कळायला इंजिनिअर लागत नाही. फक्त तो अंदाज कारखान्याकडे जातो तसा माझ्याही हातात आला पाहिजे. तो एकट्या कारखान्याकडे राहिला तर त्याचा उपयोग एकच. ऊस कुठं किती उभा आहे ते आधी कळणार, आणि तोड कोणाला कधी द्यायची ते ठरवून आम्हाला झुलवत ठेवणार.

म्हणून मागण्या पाचच आहेत, आणि एकीलाही नवा शोध लागत नाही:

१. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन काट्याच्या लोडसेलमधून थेट शासनाच्या सर्व्हरवर जावं, कारखान्याच्या सॉफ्टवेअरमधून नाही. एसएमएस तिथूनच यावा.

२. काट्याची सेटिंग कधी बदलली, कोणी बदलली, याची नोंद पुसता येणार नाही अशी असावी आणि ती सभासदाला बघता यावी.

३. रोजचा उतारा कारखान्याने जाहीर करावा. इथेनॉलकडे वळवलेली साखर त्यात किती धरली, तेही आकड्यात सांगावं. त्याचा दाखला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट देते, आणि आता एआयच्या उसातही तीच संस्था पुढे आहे. सांगलीच्या दादांचं नाव लावलेल्या संस्थेने एवढं तरी करावं.

४. १४ दिवस उलटले की व्याज बिलात आपोआप लागावं.

५. एआयची माझ्या प्लॉटची सगळी माहिती आणि टनेजचा अंदाज मला मराठीत मिळावा. माझ्या वेगळ्या परवानगीशिवाय ती दुसऱ्या कोणाला देऊ नये.

हे आधी करा, मग सेन्सर लावायला मी स्वतः रानात खड्डा काढून देतो.

आपण काय करायचं? सहकारी कारखान्याचा सभासद असाल तर तुम्ही मालक आहात, हे वार्षिक सभेत जेवणाच्या पंगतीपुरतं आठवू नका. काटा ऑनलाइन करण्याचा प्रश्न सभेच्या आधी लेखी द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेत या पाच मागण्यांचा ठराव करा. एआयच्या फॉर्मवर सही करण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. शक्य असेल त्याने हंगामात निदान एक खेप बाहेरच्या काट्यावर करून न्यावी आणि दोन्ही पावत्या जपून ठेवाव्यात. एकट्याची पावती म्हणजे तक्रार, पाचशे जणांच्या पावत्या म्हणजे पुरावा.

खाली कमेंटमध्ये मतभेद जरूर मांडा. कारखान्यात नोकरीला असणाऱ्यांनीही लिहा, तुमची बाजू मला ऐकायची आहे. शिव्या नकोत, आकडे घेऊन या.