वावर असताना डब्यात भाजी कशाला?



गच्चीवर भाजीपाला लावायचा म्हटलं की आपल्या गुडीहत्नूर भागात लोक हसतात. "वावर असताना डब्यात भाजी कोण लावतं? हे शहरवाल्यांचे चोचले!" प्रश्न रास्त आहे. मुंबईत जमीन नाही, म्हणून तिथं पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करून भाज्या-फळं पिकवली. आपल्याकडं जमीन आहे. पण त्या जमिनीत आहे काय? या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत कापूस, नाहीतर सोयाबीन. आणि भाजी आठवडी बाजारातून थैली भरून विकत!

पूर्वी असं नव्हतं. पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल, कापसात तुरीची तासं असायची, धुऱ्याला अंबाडी, मधेमधे भेंडी, चवळी, वाळकाचा वेल. निंदायला गेलेल्या बाया ओट्यात घोळ, चिवळ, तरोटा घेऊनच घरी यायच्या. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, मागोमाग सगळं वावर कापसाचं झालं. मग तणनाशक आलं. त्याला घोळ कुठली आणि गवत कुठलं, हे कळत नाही. घरामागच्या परसात खोल्या वाढल्या. उरली ती स्लॅबवरची रिकामी जागा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की बाजारात ढिगानं मिळतं ते गच्चीवर लावायची घाई करू नका. जे बाजारात येईनासं झालंय ते लावा. अंबाडी, चुका, घोळ, वाल, गावरान दोडका. पैसे वाचतील म्हणून नव्हे, बी वाचेल म्हणून. आमच्या आजीकडं बी राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं असायचं. लेक सासरी निघाली की पदराच्या गाठीत बी जायचं. आता पाकीट आणतो. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी पीक तसंच येईल याचा भरवसा नाही, म्हणजे दरवर्षी पुन्हा दुकान. एका घरात बी धरणारी म्हातारी गेली की ते वाणही गेलं समजा.

दुसरी गोष्ट पोरांची. आपली पोरं इंग्रजी शाळेत शिकतात, गल्लीत तेलुगू बोलतात. त्यांना गोंगूरा माहीत आहे, अंबाडी माहीत नाही. दोन्ही एकच! आपला चुका तो त्यांचा चुक्ककूरा, आपली मेथी ती मेंतिकूरा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट तिकडं गेलं, आपण इकडं राहिलो, पण भाजीनं सीमा मानली नाही. गच्चीवर पाणी घालता घालता पोरं दोन्ही नावं शिकतील. घरातली भाषा अशीच टिकते, भाषणांनी नाही.

आता कामाचं. नुसती काळी माती डब्यात भरू नका. ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू आणि कुजलेला पालापाचोळा. पालेभाजीला अर्धा फूट खोली पुरते, वेलाला दीड फूट हवी. तळाला भोकं पाडा. ओली माती फार जड असते, म्हणून डबे स्लॅबच्या मधोमध नको, भिंतीच्या कडेनं ठेवा. वेलाला तुराट्यांचा मांडव करा. मे महिन्यात आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा हिरवी जाळी बांधा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी द्या.

आणि एक हात जोडून सांगणं. तेलाचा डबा, रंगाची धुतलेली बादली, सिमेंटचं पोतं, काहीही चालेल. पण फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी भाजीला वापरू नका. २०१७ साली पैनगंगेपलीकडं यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष आपल्या ताटात यायला नको.

कुणी म्हणेल, चार डब्यांनी घर चालतं का? नाही चालत. पण आठवड्यात दोनदा अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर नक्की होते, आणि पुढच्या मृगाला शेजारणीला द्यायला मूठभर बी उरतं.

मंडळी, तुमच्या घरी अजून कोणतं गावरान बी राखून ठेवलेलं आहे? खाली लिहा. ज्यांच्याकडं आहे त्यांनी द्या, ज्यांच्याकडं नाही त्यांनी मागून घ्या. बी मागायला लाज कसली!